दोरावरचा पाय

गंगेला पूर आला होता आणि नावा बंद ठेवायचा हुकूम निघाला होता. दशाश्वमेध घाटावर एक महिला शिपाई बांधलेल्या नावेच्या दोरावर पाय रोवून उभी होती. आईच्या अस्थी मधल्या धारेत सोडायला आलेला पुढारी ओरडला, "सरकार आमचंच आहे!"

"मग हुकूमही तुमचाच," ती म्हणाली. पाय हलला नाही.

तो गेल्यावर, मागे उभा असलेला मी मराठीत पुटपुटलो, की हा हुकूमच चुकीचा आहे. ते ऐकून, इथल्याच मराठी घरातली ती घरच्या भाषेत हळूच म्हणाली, "काका, मला पण हा हुकूम गलत वाटतो. माझ्या बाबांच्या अस्थी घरीच थांबल्यात. पण मला पटला नाही म्हणून हुकूम रद्द होतो का?"

आयुष्यभर मी कायदा शिकवला. भावाचा अस्थिकलश तसाच घेऊन पायऱ्या चढताना माझी मान ताठ होती, जणू खाली माझीच लेक उभी होती.