डावा हात राहिला

मासान बंदरामागच्या जुन्या न्हाणीघरात बान जोंगमान लोकांची अंगं घासायचा. काळी चड्डी आणि हातात खरखरीत हिरवा मोजा, एवढाच त्याचा गणवेश. बाकावर कारखानदार पडो की कोळी, मळ सारखाच निघतो, असं तो म्हणे. आणि बाकावर घेतलेला माणूस तो अर्धा सोडत नसे. अर्धं घासण्यापेक्षा न घासलेलं बरं.

सोमवारी बेसबॉलचे सामने नसतात. त्या दिवशी सकाळी दोहून यायचा. डावखुरा पिचर, रस्त्यात दिसला की लोकांची झुंबड उडायची. इथे सगळेच उघडे, त्यामुळे कुणी वळून बघत नसे. म्हणूनच तो यायचा.

"काका, डावा हात शेवटी," तो दर वेळी सांगे. चेंडू फेकायचा हात. जोंगमान तो खांद्यापासून बोटांपर्यंत सावकाश घाशी, आणि तेवढ्यात पोरगा घोरायला लागे.

त्या सोमवारी पोट झालं, पाठ झाली, उजवी बाजू झाली. डाव्या हाताला मोजा लागणार, तोच मालक सॉल आत शिरला. हातात फोन. पायात बूट!

"उठा दोहूनसाहेब, एकच फोटो! दारात लावायचाय."

आत फोटो काढू नये ही पाटी सॉलनेच ठोकली होती. तिच्याच खाली तो उभा होता.

दोहून धडपडत उठला आणि पाण्याचं घमेलं कमरेपुढे धरलं. वयाने मोठ्या माणसाला नाही म्हणणं त्याला जमत नव्हतं. तो कसंबसं हसला.

"जोंगमानदादा, टाका की खांद्यावर हात! सुतक आल्यासारखे काय उभे?"

"आधी बूट काढ."

"काढतो हो. मुठी वर करा! हां!"

दोहूनने एका हाताने घमेलं सांभाळत दुसऱ्याची मूठ वर केली. फोटो निघाला. तो अदबीने कमरेत वाकला आणि थेट कपड्यांकडे चालू लागला.

"अरे, डावा हात राहिला!" जोंगमान ओल्या अंगाने मागे धावला.

"पुढच्या सोमवारी, काका," तो मान खाली घालून म्हणाला.

पुढच्या सोमवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

फोटो मात्र लागला. दारातच, काचेच्या चौकटीत. दोहूनचा उजवा हात लालबुंद, डावा पांढराफटक. शेजारी चड्डीत जोंगमान, मोज्यासकट.

"काय रे," मासळीवाला म्हातारा उकडलेलं अंडं सोलत ओरडला, "एकच हात घासलास? अर्धेच पैसे दिले वाटतं पिचरने!"

सगळे हसले. जोंगमान तसाच सॉलकडे गल्ल्यापाशी गेला.

"काढ तो फोटो."

"दादा, चार माणसं वाढलीत त्याच्यामुळे."

"आणि जो यायचा तो गेला. माझ्याच बाकावरून, अर्धा. लोकांनी ते रोज बघायचं?"

"हात कोण बघतंय? लोक त्याचं तोंड बघतात."

"मी बघतो!"

त्याने चौकट खिळ्यावरून उतरवली.

"अहो, नवी आहे ती! पैसे पडलेत!"

"चौकट तुझीच राहील."

त्याने फोटो बाहेर ओढला, आत नेऊन बाकावर पसरला आणि त्यावर गरम पाणी ओतलं. हातात मोजा चढवला. आधी फोटोतलं स्वतःचं तोंड घासलं. मग दोहूनचं, मग ते घमेलं. कागदावरून रंगाच्या वळ्या निघत होत्या, अंगावरच्या मळासारख्या. डावा हात त्याने शेवटी घेतला. खांद्यापासून बोटांपर्यंत, घाई न करता. मासळीवाल्याच्या हातातलं अंडं तसंच राहिलं.

पांढरा झालेला कागद चौकटीत घालून त्याने ती गल्ल्यावर आपटली.

सॉल तोऱ्यात म्हणाला, "फोनमध्ये आहेच की माझ्या."

जोंगमानने मोजा काढला नव्हता. त्याने हात पुढे केला.

"आण."