तुतवारांची पंगत

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मी कुणाचंही ऐकत नाही. व्हँकुव्हरच्या दक्षिणेला नदी समुद्राला मिळते, तिथल्या चिखलावर तेव्हा तुतवार उतरतात. चिमणीएवढी पाखरं, अलास्काकडे निघालेली. ऑफिसात डेंटिस्टची थाप मारून मी बांधावर जाऊन बसते. हिवाळ्यात याच जागी पांढरे रानहंस असतात, शरदात खारी झुडपं लालभडक होतात. पण माझा जीव अडकलाय तो या आठवड्यात.

गेल्या वर्षी आई वसईहून आली होती. तिच्या डोळ्यांचा पडदा झिजत चाललाय. समोर पाहिलं की मधोमध डाग दिसतो, कडेकडेचं तेवढं कळतं. डॉक्टर म्हणाले होते, काय दाखवायचं ते लवकर दाखवा. डोंगर झाले, धबधबे झाले. ती आपली माझं मन राखायला “छान आहे” म्हणायची. मला तिला तुतवार दाखवायचे होते. हट्टच होता माझा.

भरती चढत होती आणि पाण्याने हजारो पक्षी बांधाजवळ रेटले होते. सगळ्यांच्या चोची चिखलात खालीवर, खालीवर. मी तिच्या डोळ्यांना दुर्बीण लावली, मान धरून वळवली. “तो बघ, तो हलतोय.”

“चिखल दिसतोय बाय,” ती म्हणाली.

तपकिरी चिखलावर तपकिरी पाखरं; तिला काय दिसणार? मी चिडले. तिच्यावर नव्हे, पण आवाज तिच्यावरच चढला. मग लाज वाटून चहाचा थर्मास आणायला गाडीकडे गेले.

परत येऊन बघते तर बाई बांधाखाली! पायाला मोरस लागली होती. खाऱ्या जमिनीतली ही जाडसर भाजी आम्ही मिठागराच्या कडेला खुडायचो. इथली मोरस तिची चुलत बहीण असेल, पण वसईची बाई ती सोडते होय? स्कार्फची झोळी करून, कोवळे कोंब चाचपत, खुडत, आई थेट चिखलापर्यंत पोचली होती.

“आई, स्टॉप! तिकडे अलाउड नाही!” मी ओरडले, आणि उरलंसुरलं काम माझ्या आवाजाने केलं.

अख्खा किनारा उठला. आधी तपकिरी ढग. तो वळला आणि लख्ख पांढरा झाला, पुन्हा वळला आणि दिसेनासा झाला. पंखांचा आवाज डोक्यावरून गेला, वारा तोंडाला लागला. आठ वर्षं बघतेय मी हे, तरी वर्षातून दोनदा मिसाला जाणाऱ्या माझ्या हाताने आपोआप क्रुसाची खूण केली.

आई तोंड वर करून उभी होती. “दिसलं,” ती पुटपुटली. मग ओरडलीच, “दिसलं गो बाय! पांढरं झालं, गेलं, परत पांढरं!” डागाला पुरून उरेल एवढं आभाळभर होतं ते. मी उतरून तिला मिठी मारली आणि दोघी रडलो.

बांधावर आल्यावर मी का ओरडले ते तिला सांगितलं. ही पाखरं दोनतीन दिवस इथे पोट भरतात, त्यावर पुढची मजल मारतात. उठवलं की तेवढं खाल्लेलं वाया जातं. आईचा चेहरा उतरला.

“म्हणजे जेवत्याला ताटावरून उठवलं मी?”

“दोघींनी,” मी म्हणाले.

आमच्या घरात याहून मोठं पाप नव्हतं. ओरडायचं ते ताट संपल्यावर. मी नापास झाल्याचं जेवायला बसल्यावरच सांगायचे, ते त्यासाठीच.

थोड्या वेळाने थवा परतला आणि आमच्यासमोरच चरायला लागला. आईला पुन्हा नुसता चिखल. दोन दिवसांनी तिची फ्लाइट होती. पुढच्या एप्रिलपर्यंत डाग किती पसरेल, कुणाला ठाऊक? एक टाळी, फक्त एकच, असं माझ्या मनात आलं. मी हळूच हात उचलले.

कडेचं तिला दिसतं. तिने माझी दोन्ही मनगटं धरली आणि पाणी ओसरून पाखरं लांब जाईपर्यंत सोडली नाहीत.

“जेवतायत ती,” ती म्हणाली.