उजवीकडून येणारं सगळं

बाबा म्हणाले बटण अडकतंय, आणि मी विश्वास ठेवला. ठेवणारच ना! ज्या माणसाने नागपुरात जन्मभर टायपिंग इन्स्टिट्यूट चालवली, शेजारच्या खोलीत बसून कोणाच्या मशीनचं कुठलं अक्षर अडकतंय हे नुसत्या खडखडाटावरून सांगितलं, त्याला बटणातलं कळणार नाही तर काय मला कळणार?

बटण होतं एका जुनाट व्हिडिओ गेमचं. नवरा अमेरिकेत पिस्कॅटवेला शिकत होता तेव्हा त्याने तो कोणाच्या तरी यार्ड सेलमधून, अंगणात मांडलेल्या जुन्या सामानातून, उचलून आणला होता. राखाडी रंगाचा, हातात धरून खेळायचा डबा, वर काडेपेटीएवढा हिरवट पडदा. पडद्यावर एक ठेंगू माणूस डावीकडून उजवीकडे पळतो. समोरून खेकडे येतात, मधमाश्या येतात, मध्येच खड्डा येतो. त्याने उड्या मारत पुढे जायचं. जे येतं ते उजव्या बाजूनेच येतं. आमच्या इथल्या, अर्विंगच्या अपार्टमेंटमध्ये सामान लावताना मी तो डबा कितीदा तरी कचऱ्यात टाकायला काढला, आणि नवऱ्याने तितक्यांदा परत कपाटात नेऊन ठेवला.

तो बाहेर काढला माझ्या मुलीने. ती आठ वर्षांची. टॅबलेटवर मी घड्याळ लावून बसते, त्या बाबतीत मी खाष्ट आहे हे तिला पक्कं ठाऊक. पण आजोबांच्या हातातला गेम हा स्क्रीन टाइम नव्हे, असा कायदा त्या दोघांनी परस्पर करून टाकला. आई गेल्यावर बाबा पहिल्यांदाच एकटे आमच्याकडे आले होते. आल्यावर नुसते खिडकीपाशी बसून पार्किंगमधल्या गाड्या बघायचे. गेम हातात आला आणि त्यांच्या बोटांना काम मिळालं. पंधरवड्यात बाबा असे पटाईत झाले की नवरा तोंडात बोट घालून बघायचा. लेक शेजारी बसून "आजोबा, जंप!" म्हणायची, आणि ते म्हणायचे, "अवं, थांब नं बाप्पा, दिसते मले."

पहिले काही महिने त्यांना खरंच दिसत होतं.

थंडी सुरू झाली तशी त्यांची परतीची तारीख जवळ आली. लेकीने रडून गोंधळ घातला, बाबांनाही जायचं नव्हतं, मलाही हवेच होते. मग तिकीट कॅन्सल केलं, मुक्काम वाढवायचे कागद भरले. इथे येणारे आईबाप बॅगेत लोणचं-पापडासोबत मुक्कामापुरत्या गोळ्या मोजून आणतात, ते कोणाला सांगायला नको. मी बाबांना विचारलं, तुमच्या रोजच्या गोळ्या पुरतील ना? भरपूर आहेत, म्हणाले. पुण्याहून ओळखीचं कोणी येतंय, मागवू का? नको, म्हणाले. मी म्हटलं बरं.

त्याच सुमारास आमच्याकडे चार घरचे लोक जेवायला होते. कोणाच्या तरी सासूबाई इथे आल्या असताना आजारी पडल्या होत्या, त्याचा विषय निघाला. इन्शुरन्स काय देतो न देतो, मग सगळ्यांचं नेहमीचं ठरलेलं वाक्य: काही झालंच तर पहिल्या फ्लाइटने बसवून द्यायचं यार, तिकडे सगळं नीट होतं. हे वाक्य आम्ही सगळेच बोलतो. मीही बोलले, पोळ्या वाढता वाढता. बाबा मान खाली घालून वरणभात कालवत होते. लेक त्यांच्या मांडीला टेकून बसली होती. मुलांना मराठी कळत नाही असं आपण उगाचच धरून चालतो.

बटण अडकायला लागलं ते यानंतर काही आठवड्यांनी. बाबांचा ठेंगू माणूस पहिल्याच खेकड्यापाशी मरायला लागला. उडी मारायचीच नाही. बाबा डबा आपटायचे, फुंकर मारायचे. मला गंमत वाटायची. म्हटलं, म्हातारा झाला तुमचा माणूस. ते हसले नाहीत. मग एकदा त्यांच्या उजव्या दंडावर काळंनिळं दिसलं. दाराची चौकट लागली, म्हणाले. पेपर वाचणंही सोडलं, म्हणे चष्म्याचा नंबर बदलला, आता नागपूरला गेल्यावरच करू. प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे कारण होतं आणि ते सगळं मी मुकाट्याने गिळलं.

त्या दिवशी मी घरूनच काम करत होते. दोन मीटिंगांच्या मध्ये बाबांचं ताट वाढलं. डावीकडे चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड, उजवीकडे वांग्याची भाजी आणि त्याच बाजूला ताटाबाहेर वरणाची वाटी, आई वाढायची तसंच. बाबांनी कोशिंबिरीशी पोळी खाल्ली, मग चटणीशी खाल्ली. मग म्हणाले, "भाजी नाही केली का आज?"

माझं डोकं आधीच मीटिंगने पिकलेलं. ही काय समोर, असं म्हणत मी ताट खसकन फिरवलं. भाजी डावीकडे आली. बाबा क्षणभर तिच्याकडे बघत राहिले आणि निमूट जेवले. मग त्यांनी स्वेटर घातला, काठी घेतली आणि नातीला शाळेतून आणायला निघाले. रोजचंच होतं ते. दार ओढून घेताना ते पुन्हा चौकटीला धडकले. मी लॅपटॉपमधून मानही वर केली नाही.

मीटिंग लांबली होती, दुसरं कोणीतरी बोलत होतं. हाताला चाळा म्हणून मी सोफ्यावरचा तो गेम उचलला. म्हटलं बघू तरी कुठलं बटण अडकतंय. माणूस पळाला, खेकडा आला, मी बटण दाबलं, माणसाने उडी मारली. पुन्हा दाबलं, पुन्हा मारली. मी हळू दाबून पाहिलं, कडेने दाबून पाहिलं. बटण झकास चालत होतं.

आणि मला ते ताट दिसलं, अजून टेबलावरच होतं. वरणाची वाटी जशीच्या तशी, उजवीकडे, भरलेली.

खेकडा उजवीकडून येतो. भाजी उजवीकडे होती. दंड उजवा. आणि बाबा आत्ता रस्त्यावर होते. आमच्या अपार्टमेंटपासून शाळेपर्यंत एकच मोठा रस्ता ओलांडायचा असतो. अमेरिकेत अर्धा रस्ता डावीकडच्या गाड्या बघून पार करायचा, आणि पुढचा अर्धा उजवीकडच्या. आल्या आल्या मीच त्यांना ते शिकवलं होतं, कारण आपल्याकडे सगळं उलटं. आणि येताना त्यांचा हात धरून माझी मुलगी असणार होती.

मीटिंग तशीच सोडून मी घरातल्या सपातांवर धावत सुटले. गाडीची किल्ली घ्यायचंसुद्धा सुचलं नाही. बाबांना फोन लावला, तो घरातच वाजत असणार, ते फोन कधी नेतच नाहीत. धावताना मी काय काय बडबडत होते कोण जाणे. बागेला पाणी घालणारे शेजारी हातातला पाइप तसाच धरून माझ्याकडे बघत राहिले. मला फक्त ब्रेकचा आवाज ऐकू येईल असं वाटत होतं.

कोपऱ्यावर पोचले तेव्हा ती दोघं पलीकडच्या फुटपाथवर उभी होती. शाळा सुटून परत येत होती. सिग्नल बदलला. मी ओरडणार होते, पण ओरडले तर बाबा दचकून रस्त्यातच थांबतील अशी भीती वाटली.

मग मी जे बघितलं ते माझ्याच्याने विसरवत नाही. ती दोघं निघाली. रस्त्याच्या मध्यावर येईपर्यंत लेक त्यांच्या डाव्या हाताला होती. मध्यावर तिने त्यांना थांबवलं, त्यांच्या पुढून फिरून उजवीकडे आली, त्यांचं बोट घट्ट धरलं आणि मान वळवून लांबवर बघितलं. एक पिकअप ट्रक सिग्नल न जुमानता कोपऱ्यावर वळत होता. बाबा शांतपणे पुढे पाऊल टाकायला निघाले होते, तोंडावर कसलीही काळजी नाही. एवढं धूड अंगावर येत होतं आणि त्यांच्या लेखी तिथे काहीच नव्हतं. लेकीने त्यांना दोन्ही हातांनी मागे ओढलं. ट्रक गेला. मग ती म्हणाली, अगदी रोजच्या आवाजात, "ओके आजोबा, नाऊ."

आठ वर्षांची पोर! दप्तर तिच्या पाठीपेक्षा मोठं.

फुटपाथवर आल्यावर मी दोघांनाही कवटाळलं आणि मग तिच्यावरच भडकले. मी अशीच आहे, घाबरले की आधी ओरडते. किती दिवस चाललंय हे? आजोबांना दिसत नाही हे तुला माहीत होतं? मला का नाही सांगितलं? बाबा मध्ये पडले, तिला नको बोलू, मीच म्हटलं होतं मम्मीला सांगू नको.

"बिकॉज यू विल सेंड हिम बॅक," ती म्हणाली. "यू सेड. पहिल्या फ्लाइटने."

शेवटचे शब्द तिने मराठीत म्हटले, माझ्याच सुरात.

नवरा ऑफिसातून परस्पर आला आणि आम्ही बाबांना इमर्जन्सीत नेलं. लेकीला घरी ठेवायला कोणी नव्हतं म्हणून तीही सोबत. स्कॅन झाले. डॉक्टर बाई शांतपणे बोलत होत्या आणि मी ते मराठीत करून बाबांना सांगत होते, निम्मं गाळून. मेंदूच्या मागच्या भागात, जिथे डोळ्यांनी बघितलेलं उमगतं, तिथे रक्ताची गुठळी अडकली होती. दोन्ही डोळ्यांची उजवी बाजू गेलेली. माणसाला तिथे काळोख दिसत नाही, तिथे काही आहे हेच त्याला वाटत नाही. परत कितपत येईल सांगता येत नाही. आणि पुन्हा गुठळी होऊ शकते, कधीही. हे मात्र मी बाबांना सांगितलं नाही.

रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घेतात का, बाईंनी विचारलं. मी हो म्हणून टाकलं. बाबांना इंग्रजी चांगलं कळतं हे त्या गडबडीत मी विसरलेच होते, जन्मभर इंग्रजी पत्रंच टाइप करायला शिकवली त्यांनी. ते म्हणाले, नो डॉक्टर.

मग माझ्याकडे वळून मराठीत बोलले. "एक दिवसाआड घेत होतो. पुरवून पुरवून. मुक्काम वाढला नं आपला. मागितल्या असत्या तर तू डॉक्टरकडे नेलं असतं, त्याने काही काढलं असतं, अन् मग काय, विमान."

मला त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवून रडावंसंही वाटलं. यातलं काहीच केलं नाही. मी डॉक्टर बाईंना ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. बाईंच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. अशी म्हातारी माणसं त्यांच्याकडे आधीही आली असणार.

इतक्या लवकर विमानात बसवायचं नाही, असं त्या जाता जाता म्हणाल्या. सध्या तरी नाहीच. हे माझ्या मुलीने ऐकलं. खुर्चीत पाय हलवत बसली होती, ती एकदम ताठ झाली. "सो ही हॅज टू स्टे?" तिने मला विचारलं, आणि तिच्या तोंडभर हसू आलं. तिला हवं तेच झालं होतं. तिने तेवढ्यासाठी रोज त्या रस्त्याच्या मध्यावर उभं राहायची तयारी ठेवली होती.

ती उडी मारून उठली आणि आजोबांना सांगायला पलंगाच्या कडेला गेली, रोजच्या सवयीने उजवीकडच्या. तिकडच्या हाताला सलाईन होतं म्हणून नर्सने हात लावू नको म्हटलेलं, तेव्हा ती नुसती उशीपाशी उभी राहिली, तोंड अगदी त्यांच्या कानाशी नेऊन, चांगली बातमी आधी कशी सांगावी ते ठरवत.

बाबा छताकडे बघत होते. मग त्यांनी मला हळूच विचारलं, "पोरगी कुठं गेली गं? ने तिला घरी. घाबरेल ती इथं."

लेकीचं हसू पुसलं गेलं. ती तशीच उभी राहून त्यांच्याकडे बघत होती, वीतभर अंतरावरून. मग तिने माझ्याकडे बघितलं. इतके दिवस तिला वाटत होतं की आपण आजोबांना सांभाळू शकतो. तिला पहिल्यांदाच भीती वाटली, ती मला दिसली.

ती पलंगाच्या पायथ्याकडून वळसा घालून डावीकडे आली.