दुसऱ्याची चीज

दुपारी चार वाजता मुलीची नोकरीसाठी ऑनलाइन मुलाखत होती आणि आमचा स्वस्तातला राउटर दर दहा मिनिटांनी बंद पडत होता. चिकलठाण्यातला दुकानदार म्हणाला, "नवा घ्या, उद्या माणूस येऊन बसवील." मी गयावया केल्यावर त्यानं मागच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे पाठवलं.

मिस्त्री चहा पीत होते. हात इतके कापत होते, की निम्मा चहा बशीबाहेर सांडला. माझा धीरच सुटला. त्यांनी राउटर उघडला, आत बोट फिरवलं आणि एका जागी थांबवलं. "हा कपॅसिटर फुगलाय. हलका माल टाकत्यात, गरमी सोसत नाय."

मग त्यांनी सोल्डरिंग गन उचलली आणि तो हात दगडासारखा स्थिर झाला. नवा कपॅसिटर बसेपर्यंत जरासुद्धा हलला नाही. मी श्वास रोखून बघत होतो.

"चाचा, आत्ता तर हात कापत होता!"

"चहा सांडला तर माझा सांडंल, साहेब. ही चीज दुसऱ्याची हाय."

मुलाखत पाऊण तास चालली. मुलगी हसतच बाहेर आली. "बाबा, एकदाही अडकलं नाही!"