ऑपरेशनच्या आधीचं रेकॉर्डिंग

सांगलीला कॉलेजात लोकप्रिय संगीताच्या विभागात मी दुसऱ्या वर्षाला होते, तेव्हा आप्पांच्या घशातली गाठ कळली. मिरजेच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. ऑपरेशनला अकरा दिवस होते.

आप्पा म्हणजे माझे वडील. वडूजच्या पुढच्या माळावर त्यांनी अर्धं आयुष्य मेंढरं राखली, मग थोडी शेती केली. ओव्या म्हणायला गावात त्यांनाच बोलवत. ते ओळ उचलायचे आणि तिचा शेवट माझे चुलते झेलायचे. चुलते म्हणत असत तेवढ्यात आप्पांचा श्वास भरे आणि पुढची ओळ आठवे. हे मी लहानपणापासून बघत आले होते.

त्या सत्रात आम्हाला एक कच्चा आवाज घेऊन त्याच्याभोवती ड्रम, कीबोर्ड, गिटार घालून पूर्ण गाणं बांधायचं होतं. मी आप्पांचा आवाज घ्यायचं ठरवलं. तो घरात कायमचा राहील आणि माझं कामही होईल, असं आईला एकाच दमात सांगितलं. त्याची आता लाज वाटते.

विभागात एक सवय हाडीमाशी भिनली होती. गाणाऱ्यानं हेडफोनमध्ये ठेक्याची टकटक ऐकत गायचं. आवाज तिला धरून नसेल तर नंतर त्याच्याखाली ड्रम बसत नाहीत. मी घरातला पंखा बंद केला, दाराखिडक्यांना वाकळा लावल्या. चुलते नेहमीसारखे शेजारी येऊन बसले, तर त्यांना ओसरीवर पाठवलं, कारण एका माईकवर दोन आवाज आले की वेगळे करता येत नाहीत. "बरं बाई, तू शिकल्याली," म्हणून ते उठून गेले.

आप्पांनी हेडफोन चढवला आणि दचकले.

"माज्या कानात लाकडं कोन फोडतंय गं?"

"ठेका हाय, आप्पा. त्याच्यावर म्हना."

"मेंढरं काय घड्याळ बगून चालत्यात व्हय?"

आई आतनं म्हणाली, "आवं, पोरगी सांगती तसं म्हना की."

"तूच म्हन मग. तुजा आवाज तर माईकबिगर पल्याडच्या वस्तीवर जातुय."

आम्ही तिघंही हसलो. ते हसणं रेकॉर्ड झालं नाही. मी अजून बटण दाबलं नव्हतं.

मग सलग तीन दिवस दुपारी आम्ही तेच करत बसलो. आप्पा ओळ उचलत, टकटक पुढे निघून जाई, मी म्हणे, "परत." ओळ संपली की ते थांबून दाराकडे बघत. तिकडून कुणी झेलत नसे. "परत, आप्पा." आई गरम पाणी आणून देई. त्यांनी एकदाही नाही म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी हेडफोन काढून माझ्या हातात दिला. "तुज्या कामाचं जमंना बग मला." चौथ्या दिवशी आवाज फुटलाच नाही, ऑपरेशनपर्यंतही नाही.

हेडफोन काढा, काकांना आत बोलवा, एवढंच म्हणायचं होतं. सुचलं नाही असंही नाही. सुचलं होतं, पण मग ड्रम कुठे बसवणार?

माझ्याकडे जे आहे त्यातला सगळ्यात लांब तुकडा वीस सेकंदांचा आहे. प्रत्येक तुकडा माझ्याच आवाजानं तुटतो. विभागात मी वसतिगृहातल्या एका मुलीचा आवाज वापरून गाणं दिलं. गुण चांगले पडले.

ऑपरेशननंतर आप्पा सात महिने होते. जवळ पाटी ठेवत. पहिल्याच भेटीत त्यांनी लिहिलं, "झालं का काम?"

"झालं, आप्पा. लय भारी झालं."

"आयकीव."

मी म्हटलं, गाणं अजून सांगलीलाच आहे, शेवटचा हात फिरवायचाय. पुढच्या वेळी म्हटलं, सरांकडे आहे. त्यानंतर काय काय म्हटलं ते सगळं आठवत नाही. एका रविवारी मी घरी पोचले आणि त्यांनी विचारायच्या आधीच सांगायला लागले, की विभागातला कॉम्प्युटर बिघडलाय. आप्पांनी पाटीकडे हात नेला नाही. राहू दे, असा नुसता हात हलवला आणि समोरच्या ताटाकडे बोट दाखवलं. भाकरी गार होत होती. मी बसले आणि जेवले.