भावाचा नंबर

"आपलं काय अर्जंट न्हाई ताई. आधी त्यांचं घ्या."

असं म्हणून तो बाकावर आणखी थोडा सरकून बसायचा. पौडला एसटी स्टँडजवळ माझं ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. दाखले, सातबारा, परीक्षेचे फॉर्म, सगळं भरून देते. इथे येणारा प्रत्येक जण घाईत असतो, आणि आपलं काम इतरांच्या आधी का झालं पाहिजे याची कारणं घरूनच तयार करून आणतो. तुम्हीही अशा रांगांमध्ये उभे राहिला असाल. आपला नंबर दुसऱ्याला देणारा माणूस पहिल्या दिवशी भला वाटतो. तिसऱ्या दिवशी मला त्याचा संशय यायला लागला.

कारण त्याचं काम अर्जंटच होतं. पिरंगुटला गाड्यांचे रबरी पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात त्याने अठरा वर्षं प्रेसचं मशिन चालवलं होतं. मालकाने कारखाना परराज्यात हलवला आणि याच्या हातात कागद ठेवला. पगारातून कामगार विमा कापला जायचा, म्हणून नोकरी गेल्यावर तीन महिने अर्ध्या पगाराइतका बेकारी भत्ता त्याला मिळणार होता. पण मुदतीत अर्ज करायला हवा होता, आणि हा गृहस्थ बाकावर बसून गिऱ्हाइकांना पाण्याची बाटली पुढे करत होता.

मी तशी तिखट बाई आहे. एके दिवशी दुपारी त्याला खुर्चीत बसवलाच.

"ओटीपी आलाय बघा तुमच्या फोनवर."

त्याने खिशातून फोन काढला, बघितल्यासारखं केलं आणि परत ठेवला. "न्हाई आला."

"येणार कसा? विम्याकडे नोंदलेला नंबर तुमचा नाही. कुणाचा आहे?"

"दादाचा."

तो नोकरीला लागला तेव्हा माले गावात त्यांच्या घरात फोन एकच होता, थोरल्या भावाकडे. आमच्या भागात तेव्हा सगळ्यांचं तसंच होतं. बँक असो नाहीतर गॅस, कर्त्या माणसाचा नंबर लिहायचा आणि मोकळं व्हायचं. पुढे रस्त्याकडचं शेत बंगलेवाल्यांना विकायचं की नाही यावरून भावाभावांचं बिनसलं. अंगण एकच राहिलं, पण याची खोली वेगळी झाली आणि बोलणं बंद झालं. त्याला सहा वर्षं झाली होती. याची कंपनी बंद पडल्याचं भावाला ठाऊकही नव्हतं, कारण हा रोज ठरल्या वेळी डबा घेऊन घरातून निघायचा आणि माझ्याकडे येऊन बसायचा.

"मग फोन करा की त्यांना. सहा आकडे तर विचारायचेत."

"त्यो म्हनंल, गरज पडली तवा आठवलो व्हय?"

"मग विम्याच्या कचेरीत जाऊन नंबर बदलून या."

"जाऊ की."

गेला नाही. आता वाटतं, त्याला तो अर्ज संपायलाच नको होता. लग्न राहून गेलेलं. अठरा वर्षं मशिनच्या आवाजात, चार माणसांत बसून जेवलेला माणूस त्या खोलीत एकटा करणार काय? माझ्या दुकानात निदान प्रिंटर तरी कुरकुरायचा. दुपारी डबा उघडला की पहिला घास घेण्याआधी विचारायचा, "ताई, भाकरी?" मी रोज नको म्हणायचे. एकदा तरी घ्यायला हवी होती.

मुदतीचे चार दिवस उरले तेव्हा माझं डोकं फिरलं. "नंबर सांगा दादांचा, मी बोलते." त्याने फोनात न बघता दहाही आकडे घडाघडा सांगितले.

मी स्पीकर लावला. कोण, कुठून, कशासाठी, सगळं सांगितलं.

"त्याची कंपनी बंद झाली?" भावाने विचारलं. "कदी?"

"झाले काही महिने."

"पर त्यो तर रोज जातोय..."

मी ओटीपीचं बटण दाबलं. मग भावाने एकेक आकडा सावकाश वाचून दाखवला. "बराबर आला का? परत सांगू?" आणि जरा थांबून, "त्यो हाय का तितं?"

समोर हा दोन्ही हात जोडून मान हलवत होता.

"नाहीत. बाहेर गेलेत," मी म्हणाले.

"बरं," भाऊ म्हणाला. पण त्याने फोन ठेवला नाही. बराच वेळ ठेवला नाही. शेवटी मीच कट केला.

अर्ज गेला, मंजूर झाला. आता तरी नंबर बदलून घ्या, असं मी त्याला दोनदा सांगितलं. "राहू द्या त्योच," म्हणाला. भत्ता संपता संपता त्याला मुठा गावाकडे कुठल्याशा बंगल्यावर राखणीचं काम मिळालं, राहायच्या सोयीसकट. जाताना दुकानाच्या पायरीशी उभा राहिला. मी कुणाच्या तरी फॉर्ममध्ये गुंतले होते, नुसता हात केला.

दोनेक महिन्यांनी एक वयस्कर माणूस आला. नाक, कपाळ तेच. ओळख सांगायची गरज पडली नाही. त्याने फोन माझ्यासमोर धरला. भत्ता खात्यावर जमा झाल्याचे तीन मेसेज त्याने जपून ठेवले होते.

"ह्ये आले का मला बरं वाटायचं. म्हनलं, चाललंय त्याचं. आता येत न्हाईत. खोलीला कुलूप हाय."

"तो भत्ता तीनच महिने असतो, काका. ते आता मुठ्याकडे असतात. त्यांचा फोन नंबर आहे माझ्याकडे, देऊ? लावून बघा."

"नगं. त्यानं उचलला न्हाई तर?"

तो बाकावर टेकला. गिऱ्हाईक आलं, गेलं. मग हळूच म्हणाला, "ताई, त्याचा दुसरा कुठला फॉर्म भरायचा राह्यला न्हाई का? असंल तर नंबर माझाच टाका."