जिभेवरचा हिरवा किडा

शेजारचे नाना जुन्या चिनी जेडच्या कोरीव मूर्ती जमवतात. परवा त्यांनी कपाट उघडून पंख मिटलेला एक हिरवट किडा माझ्या तळहातावर ठेवला. दगडाचाच, पण इतका गार, इतका गुळगुळीत, की मी आपला गालालाच लावला!

"वहिनी, हा पूर्वी चीनमध्ये मेलेल्या माणसाच्या जिभेवर ठेवायचे," नाना हसत म्हणाले. "किडा मातीतून पुन्हा वर येतो, तसा माणूसही यावा म्हणून."

गालावरून किडा झटकन काढला. तो तसाच मुठीत घेऊन हात धुवायला उठले आणि मोरीच्या दारातच थबकले. आमचे हे गेले तेव्हा मीच नाही का तुळशीपत्र ठेवलं त्यांच्या तोंडात? ओठ घट्ट मिटलेले, बोटानं हळूच उघडावे लागले होते. तिकडेही कुण्या बाईनं असंच केलं असणार.

"नाना, कुण्या बायकोनं ठेवला हा जिभेवर. मग काढला कुणी हो?"

नानांचं हसू मावळलं. एवढ्या हौसेनं जमवतात, पण हे कधी मनातच आलं नव्हतं त्यांच्या. किडा परत घेताना त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

मी हात न धुताच घरी आले. आमचं पान चितेत ह्यांच्याबरोबर गेलं. ते कुणाच्या कपाटात यायचं नाही.